भिक्खुणी चेंग येन आणि संघाच्या सेवाधर्माचा प्रश्न

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली महाबोधि सोसायटीच्या मासिकात लिहिलेल्या लेखात भिक्खू संघाविषयी एक कठोर निरीक्षण नोंदविले आहे. पीडितांची सेवा म्हटली की लोकांना रामकृष्ण मिशन आठवते, बौद्ध संघ आठवत नाही, ही त्यांची खंत होती. भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण मनुष्य की समाजाचा सेवक, हा प्रश्न त्यांनी पुढे ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रास्ताविकात पुन्हा विचारला आणि धम्माच्या भवितव्याची आशा सेवक भिक्खूवर ठेवली.

सोळा वर्षांनी, १९६६ मध्ये, जवळजवळ हाच प्रश्न तैवानच्या पूर्व किनाऱ्यावरील हुआलिएन येथे एका तरुण भिक्खुणीला विचारला गेला. विचारणाऱ्या होत्या तीन कॅथलिक धर्मभगिनी. आमच्या शाळा आहेत, इस्पितळे आहेत. बौद्धांचे काय आहे, असे त्यांनी विचारले. त्या भिक्खुणीचे नाव चेंग येन. त्यांचा जन्म १९३७ चा. १९६३ मध्ये आचार्य यिन शुन यांनी त्यांना शिष्यत्व दिले आणि बुद्धशासनासाठी व सर्व जीवांसाठी झटण्याची आज्ञा केली. यिन शुन हे आचार्य ताय्शू यांच्या परंपरेतील विद्वान. धम्म मृतांच्या क्रियाकर्मात अडकला आहे, त्याला जिवंत माणसांकडे वळविले पाहिजे, ही ताय्शू यांची भूमिका होती. बुद्ध देवलोकात नव्हे, माणसांत झाला, यावर यिन शुन यांचा भर होता. हा विचार आपल्या वाचकांना परका वाटणार नाही.

त्याच वर्षी त्झू ची ही संस्था उभी राहिली. या चिनी नावातील पहिल्या अक्षराचा अर्थ मैत्री, दुसऱ्याचा साहाय्य. (इस्पितळात अनामत रकमेअभावी परत पाठविलेल्या एका आदिवासी स्त्रीची कथा संस्थेच्या स्थापनेशी जोडली जाते. तिच्या तपशिलावरून पुढे न्यायालयीन वाद झाला. म्हणून येथे तिचा आधार घेतलेला नाही.) आरंभीचे भांडवल अगदीच तुटपुंजे होते. चेंग येन व त्यांच्या पाच सहकारी भिक्खुणी दररोज प्रत्येकी एक जोड तान्ह्या मुलांचे बूट जास्तीचे शिवीत. तीस गृहिणी बाजाराच्या पैशांतून रोज अर्धा तैवानी डॉलर बांबूच्या नळीत टाकीत. महिन्याचे पंधरा डॉलर एकदम का देऊ नयेत, असे कोणी विचारले तेव्हा चेंग येन यांनी नकार दिला. दानाची चेतना रोज जागी झाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. विश्वासाने तेथे भिक्खुणींना दानावर जगता आले असते. पण त्या स्वतः श्रम करून पोट भरीत आणि पैसे घेऊन धार्मिक विधी करीत नसत. आपल्याकडे विहाराच्या पावतीपुस्तकावर पुष्कळ बोलले जाते, या दुसऱ्या गोष्टीवर मात्र फारसे कोणी बोलत नाही.

सहस्रबाहू अवलोकितेश्वराची मूर्ती चीन-तैवानात घरोघरी पूजिली जाते. पाचशे माणसे एकत्र आली की हजार हात होतात, असा त्या मूर्तीचा अर्थ चेंग येन यांनी लावला. मूर्तीपुढे हात जोडणाऱ्यालाच त्यांनी मूर्तीचा हात बनविले.

आपत्तीनिवारणाचे पहिले मोठे काम १९६९ चे. वादळाच्या वेळी तायतुंग भागातील एक आदिवासी गाव जळाले, तेथे संस्थेचे स्वयंसेवक गेले. १९८६ मध्ये हुआलिएन येथे संस्थेचे इस्पितळ सुरू झाले आणि अनामत रक्कम न मागता तेथे रुग्ण दाखल होऊ लागले. १९९१ हे वर्ष कसोटीचे ठरले. त्या वर्षी पूर्व चीनमध्ये महापूर आला. चीन आणि तैवान यांचे वैर जगजाहीर होते. शत्रूला धान्य का द्यायचे, असा तैवानात गदारोळ झाला. चेंग येन मागे हटल्या नाहीत. त्याच वर्षी त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २१ सप्टेंबर १९९९ च्या भूकंपात तैवानात दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर संस्थेने तात्पुरती घरे तर बांधलीच, शिवाय पन्नासच्या आसपास शाळा पुन्हा उभ्या केल्या.

या कामाची मुळे त्रिपिटकातच आहेत. विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूची कथा येते. तथागतांनी आनंदाच्या मदतीने त्याला स्वतः धुतले, अंथरुणावर निजविले आणि रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा होय, असे भिक्खूंना समजाविले.

एका ठिकाणी मात्र आंबेडकरी अभ्यासकाला थांबावे लागते. त्झू ची राजकारणापासून आणि निदर्शनांपासून आपल्या सदस्यांना दूर ठेवते. बाबासाहेबांच्या धम्मात करुणेबरोबर न्यायाचा आग्रह आहे. महाडचे पाणी दान म्हणून मागितलेले नव्हते. सेवा अन्यायाचे कारण विचारणार नसेल, तर ती अपुरी राहते. तरीही या संस्थेच्या कार्यपद्धतीतील एक नियम आपल्या दृष्टीने मोलाचा वाटतो. मदत मध्यस्थाच्या हाती सोपवायची नाही. स्वयंसेवकाने स्वतः घरोघर जाऊन गरज पाहायची, स्वतःच्या हातांनी वस्तू द्यायची आणि देताना वाकून आभार मानायचे. घेणाऱ्याने दानाची संधी दिली, म्हणून आभार.

भारतात या नियमाला वेगळे वजन येते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या नागपट्टिनम जिल्ह्यात मदतीचा बराच भाग मच्छीमार जातीच्या पंचायतींमार्फत वाटला गेला. दलित वस्त्यांची नावे याद्यांतून सुटली. काही निवारा-छावण्यांत दलितांना इतरांबरोबर राहू दिले गेले नाही. दलित मानवाधिकार कार्यकर्त्यांनी वस्त्यांमधून फिरून या गोष्टींची नोंद केली. त्यांनी गाठलेल्या कित्येक घरांपर्यंत तोवर मदतीचा एकही हात पोहोचलेला नव्हता.