करवंटी कुठे सापडली?

रत्नागिरीकडच्या एका जुन्या वाड्याची दुरुस्ती निघाली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आई तिथे घमेली उचलीत होती. मागच्या गडग्यापलीकडे चर खणताना करवंट्यांचा ढीग लागला. त्यांच्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या होत्या. मुकादमाचे लक्ष जुन्या नाण्यांवर. "करवंट्याच त्या, फेका," तो म्हणाला. आई क्षणभर थांबली. "आपल्या माणसांना ह्यातून चहा द्यायचे," ती म्हणाली, आणि तिनेच ते घमेले भरावात रिकामे केले.

आमच्या इतिहासाचे एक पान त्या दिवशी आमच्याच हातांनी बुजवले गेले.

कोकणात करवंटी कुठेही सापडते; मग तिची किंमत काय? पुरातत्त्वशास्त्र सांगते की वस्तूइतकीच तिची जागा बोलते. स्वयंपाकघराजवळची करवंटी हा कचरा असेल. गडग्याबाहेर, कडा घासलेली करवंटी हा अस्पृश्यतेचा पुरावा आहे. पण कोणत्या थरात, किती खोल, कशाशेजारी, हे खणतानाच टिपावे लागते. माती एकदा उपसली की तो पुरावा पुन्हा उभा करता येत नाही. म्हणून जुन्या वास्तूचे बांधकाम चालू असताना जाणकार माणूस चराच्या काठावर उभा हवा.

रत्नागिरीचा थिबा राजवाडा घ्या. 1885 साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला पदच्युत केले, 1886 मध्ये रत्नागिरीला आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला हा जांभ्या दगडाचा वाडा 1910 साली पुरा झाला; 1916 मध्ये राजा रत्नागिरीतच वारला. राजा बौद्ध होता, म्हणून 1956 नंतर बौद्ध झालेल्या आपल्या माणसांना या वास्तूविषयी जिव्हाळा वाटतो. तो रास्तच आहे. पण राजाचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. चिरे फोडणाऱ्याचे, ते डोक्यावरून वाहणारीचे, संडास साफ करणाऱ्याचे नाव कोण सांगेल? कैदेतल्या राजालाही इतिहासात दालन मिळते. राबणाऱ्याला परसदारसुद्धा मिळू नये काय?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनचे माँटिसेलो हे घर आहे. त्याच्या बाजूच्या मलबेरी रो या रस्त्यालगत 1980 च्या दशकात उत्खनन झाले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्याच्या अंगणात त्याने गुलाम केलेल्या माणसांच्या खोपटांचे पाये आणि वापरातल्या वस्तू मिळाल्या. ज्यांना लिहू दिले नाही, त्यांच्या वतीने माती बोलली.

आपल्याकडेही ती बोलेल. जुन्या वाड्यात, बंगल्यात गटार काढताना, केबल टाकताना, नवा पाया खणताना दिवाणखान्याइतकेच लक्ष नोकरांच्या चाळीकडे, मागच्या दाराकडे, गडग्याबाहेरच्या उकिरड्याकडे हवे. आणि तिथे घमेले उचलणाऱ्या बाईला विचारले पाहिजे. माझ्या आईने ती वस्तू एका नजरेत ओळखली होती. तिला कोणी विचारलेच नाही.

मित्रहो, आपली शिकलेली मुले मास्तर झाली, वकील झाली. काहींनी पुरातत्त्वाकडेही वळावे. चराच्या काठावर वही घेऊन आपला माणूस उभा राहील, तेव्हा मुकादमाच्या "फेका" या शब्दाला "थांबा" असे उत्तर मिळेल.