मोटारगाडीचे मिटते दिवे : दोषनिदानाच्या अंगाने एक इतिहास

यंत्राचा इतिहास सामान्यतः शोधांच्या क्रमाने सांगितला जातो. तथापि यंत्र कोठे अडते आणि तो दोष कसा ओळखावा लागतो, यावरूनही त्याच्या घडणीतील स्थित्यंतरे दाखविता येतात. काम नसताना गाडीच्या अंगात मिटून राहणारे पुढील दिवे हे याचे बोलके उदाहरण होय.

अमेरिकेतील कॉर्ड ८१० या १९३६ सालच्या गाडीने हे दिवे प्रसिद्धीस आणले. गॉर्डन ब्युरिग यांच्या या आराखड्यात प्रत्येक दिव्याला चालकापुढील फळीवर स्वतंत्र हँडल होते आणि ते हाताने फिरवावे लागे. उघडझाप व प्रकाश या दोन क्रिया येथे सर्वस्वी भिन्न होत्या. विजेतील दोषाने प्रकाश जाई, परंतु दिवा उघडण्यास अडथळा येत नसे.

१९४० पासून अमेरिकेत सात इंच व्यासाचा गोल, सीलबंद दिवा हे सर्व गाड्यांचे समान परिमाण ठरले. गाडीचे नाक उतरते करू पाहणाऱ्या आराखडाकारांना दिव्याचा आकार बदलता येईना. तेव्हा तो झाकणे हाच मार्ग उरला. १९६३ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटमध्ये दिवे विद्युत मोटरांनी फिरू लागले आणि दोषाचे क्षेत्र तारा, स्विच व मोटर यांत गेले. शिवाय या गाडीचे अंग काचतंतूंचे. लोखंडी अंगातून प्रवाह बॅटरीकडे परतू शकतो, काचतंतूंतून नाही; म्हणून परतीच्या तारा निराळ्या ओढाव्या लागतात. त्यांचे गंजलेले जोड हे अशा गाड्यांतील दोषांचे नेहमीचे उगमस्थान होय.

निदानाची पद्धती या रचनेतूनच निघते. दोन्ही दिवे उठत नसतील तर दोष दोहोंना समाईक असलेल्या भागात, म्हणजे फ्यूज, स्विच किंवा मुख्य तारेत, शोधावा. एकच अडत असेल तर समाईक भाग बहुधा निर्दोष ठरतो आणि त्या बाजूची मोटर, तिच्या तारा व दंतचक्रे एवढेच क्षेत्र उरते. मोटर घरघरते पण दिवा हलत नाही, तर दोष विजेचा नसून दंतचक्रांचा असतो. दिवा अर्ध्यावर थांबतो किंवा उघडझाप थांबतच नाही, तर गतीची मर्यादा ठरविणाऱ्या स्विचाकडे पाहावे.

सर्वांत फसवा दोष मात्र जोडातील रोधाचा. मोटर बंद असताना मोजणी केल्यास तारेवर पूर्ण १२ व्होल्ट दाब दिसतो आणि तार निर्दोष भासते. परंतु जोडात ०.२ ओहम रोध असेल आणि मोटर १० अँपिअर प्रवाह घेत असेल, तर २ व्होल्ट त्या जोडातच खर्ची पडतात. म्हणून मोजणी मोटर भाराखाली असतानाच करावी लागते. ही दक्षता न घेतल्यामुळे चांगल्या मोटरा विनाकारण बदलल्या जातात.

विजेखेरीज दुसरा मार्ग होता इंजिनातील निर्वाताचा. १९६२ च्या लोटस एलानमध्ये दिवे निर्वाताच्या बळावर उचलले जात. नळी गळू लागली की ते खाली बसत, म्हणजे दोष अंधाराच्या बाजूने पडे. पुढे अमेरिकेसाठी केलेल्या गाड्यांत ही रचना उलट झाली : निर्वात दिवे मिटवून धरी आणि तो गेल्यास स्प्रिंग त्यांना वर उचली. हेच तत्त्व १९६९ पासून अमेरिकेतील सुरक्षा नियमात दिसते. पेटलेला, पूर्ण उघडलेला दिवा शक्ती गेल्यावरही उघडाच राहिला पाहिजे, आणि मिटलेला दिवा कोणत्याही अवजाराशिवाय उघडता आला पाहिजे. कॉर्डच्या हँडलात जी शक्यता सहज होती, ती आता कायद्याने परत आणावी लागली.

१९८३ मध्ये अमेरिकेने निराळ्या आकाराच्या दिव्यांना मुभा दिली आणि झाकण्याचे मुख्य कारण संपले. कॉर्व्हेट व लोटस एस्प्रिट यांच्या २००४ पर्यंतच्या गाड्यांनंतर मोठ्या उत्पादनातून हे दिवे नाहीसे झाले. अर्थात, जुन्या गाड्या जपणाऱ्यांपुढे तो प्रश्न आजही आहे. सौंदर्यासाठी योजलेल्या यंत्राची खरी कसोटी त्याच्या डौलात नसून, ते बिघडते तेव्हा माणसाला प्रकाशात ठेवते की अंधारात, यात आहे, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.