जनगणनेचा रकाना आणि आपली ओळख



2027 ची जनगणना तोंडावर आहे आणि यावेळी जातही विचारली जाणार आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला एक प्रश्न वारंवार ऐकू येतो: "धर्म बौद्ध लिहिला तर सवलती जातील का?" ही भीती आली कुठून?

1950 च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. त्यामुळे 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात आणि त्यानंतर गावोगावी ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांच्या केंद्राच्या सवलती धोक्यात आल्या. तरीही आपल्या आजोबा-पणजोबांनी काय केले? 1951 मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. 1961 मध्ये ते झाले 27 लाख 89 हजार. नोकरी, शिष्यवृत्ती पणाला लावून लिहिलेली ही संख्या आहे.

पुढे राज्याने नवबौद्धांना आपल्या सवलती लागू केल्या. केंद्राने मात्र 34 वर्षे लावली. 1990 मध्ये व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात कायदा बदलला. म्हणजे आजची भीती 1990 पूर्वीची आहे.

अमेरिकेतल्या लॅटिनो समाजाचा अनुभवही पाहा. 1930 च्या जनगणनेत सरकारने 'मेक्सिकन' हा वेगळा वंश ठरवला. त्याच दशकात मंदीचे खापर त्यांच्यावर फोडून लाखोंना हुसकावले गेले. त्यात अमेरिकेचे नागरिकही होते. विरोधामुळे 1940 ला तो रकाना गेला. पण मोजणीच नाही, तर शाळा आणि प्रतिनिधित्व कशाच्या आधारावर मागणार? म्हणून पुढच्या पिढीतल्या कार्यकर्त्यांनी स्वतः मोजणीची मागणी लावून धरली. 1980 ला 'हिस्पॅनिक' मूळ असल्याचा प्रश्न प्रत्येक घरी विचारला गेला, वंशाच्या प्रश्नाहून वेगळा. 2020 मध्ये ही संख्या 6 कोटी 21 लाख भरली.

तात्पर्य असे की रकाना लादलाही जातो आणि मिळवलाही जातो. फरक संघटित समाजामुळे पडतो.

काही मित्र विचारतात, "बौद्धाला जात कशी?" त्यांचा प्रश्न तत्त्वाने बरोबर आहे. पण जातीचा रकाना आपल्यावर काय लादले गेले ते सांगतो, धर्माचा रकाना आपण काय स्वीकारले ते सांगतो. दोन्ही नोंदी लागतात. जात लपवली तर अन्यायाचा पुरावा जातो, धर्म लपवला तर 1956 ची क्रांती पुसली जाते.

2011 मध्ये आपल्या जिल्ह्यात बौद्ध सुमारे 14 टक्के होते. चिखलीपासून संग्रामपूरपर्यंत प्रत्येक विहारात आतापासून बैठका घ्या. धर्म: बौद्ध. जात: दाखल्यावर असेल ती. प्रगणक न विचारता लिहीत असेल तर त्याला थांबवा आणि नोंद वाचून दाखवायला सांगा.

आजोबांनी हे नुकसान सोसून लिहिले. आपल्याला तर काहीच गमवायचे नाही.