वाटेवरचे गाव : चांदवड

हल्ली सुशिक्षित कुटुंबांत असा एक रिवाज पडला आहे की, सुटी लागली म्हणजे चाळीस-पन्नास माणसांनी एका बसमध्ये बसावे आणि जुनी नगरे पाहून यावे. मराठी मंडळींच्या या सहली आता अजिंठा-वेरूळपुरत्या राहिलेल्या नाहीत. त्या थेट ग्रीस देशापर्यंत जातात. अथेन्सहून निघून कॉरिंथ, मायसीनी, ऑलिंपिया व डेल्फी पाहून मंडळी आठवड्याच्या आत परत फिरतात. या रिवाजाची थट्टा करणे फार सोपे आहे. एका नगराला एक तास, त्यातला अर्धा छायाचित्रांत जावयाचा. अशाने इतिहास कळतो काय, असे विचारणारे पुष्कळ भेटतात.

प्रस्तुत लेखकास ही थट्टा न्याय्य वाटत नाही. संघाने प्रवास करण्याची चाल बसने आणलेली नाही. डेल्फी व ऑलिंपिया येथील उत्सवांस निरनिराळी ग्रीक नगरे आपापली मंडळे पाठवीत, आणि अशा यात्रेस ‘थेओरिया’ म्हणत. शब्दाचा मूळ अर्थ ‘पाहणे’. पुढे तत्त्ववेत्त्यांनी त्यालाच ‘चिंतन’ हा अर्थ दिला. आपल्याकडेही काशीयात्रेस एकट्यादुकट्याने सहसा कोणी जात नसे. 1857 साली वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तर हिंदुस्थानाकडे निघाले, तेही चुलत्यांच्या सोबतीने. तेव्हा वेळ थोडा मिळतो किंवा माणसे फार असतात, हा या सहलींचा खरा दोष मानता येणार नाही. दोष असलाच तर तो नजरेचा आहे. या सहलींत वास्तू पुष्कळ पाहिल्या जातात. परंतु ज्या वाटेमुळे त्या वास्तू त्या जागी उभ्या राहिल्या, ती वाट बसच्या चाकांखाली असूनही कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

कॉरिंथचेच उदाहरण घ्या. तेथे अपोलोच्या मंदिराचे सात खांब अद्याप उभे आहेत, आणि प्रवासी त्यांच्यापुढे उभे राहून धन्य होतात. खांब भव्य आहेत यात शंका नाही. तथापि कॉरिंथची श्रीमंती मंदिरात नव्हती, ती जमिनीच्या एका अरुंद पट्टीत होती. ग्रीसचा उत्तर भाग आणि पेलोपोनीस यांना जोडणारी ही पट्टी अवघी सहा किलोमीटर रुंद. खुष्कीने जाणाऱ्या प्रत्येकास तेथूनच जावे लागे. एका समुद्रातील गलबत दुसऱ्या समुद्रात नेण्यासाठी ते जमिनीवरून ओढून न्यावयाची फरसबंद वाटही तेथेच होती. नगराच्या माथ्यावर ॲक्रोकॉरिंथचा किल्ला या सर्वांवर पहारा करी. ख्रिस्तपूर्व 146 मध्ये रोमनांनी हे नगर उद्ध्वस्त केले, आणि ख्रिस्तपूर्व 44 मध्ये सीझरने ते पुन्हा वसविण्याची योजना केली. माणसे मारता येतात, भिंती पाडता येतात. नाक्याची जागा मात्र नाहीशी करता येत नाही.

आता आपल्या घरी येऊ. नाशिकहून मुंबई-आग्रा रस्त्याने ईशान्येस सुमारे 64 किलोमीटर गेले म्हणजे सातमाळ्याच्या पायथ्याशी चांदवड लागते. ही डोंगराची रांग पूर्व-पश्चिम आडवी पसरली आहे. तिच्या दक्षिणेचे पाणी गोदावरीला मिळून पूर्वसमुद्राकडे जाते. उत्तरेचे गिरणेवाटे तापीत उतरून पश्चिमसमुद्राला मिळते. दख्खनच्या पठारावरून खानदेशात आणि तेथून नर्मदेकडे जाणाऱ्यास ही रांग कोठेतरी ओलांडावी लागणारच, आणि ओलांडण्याच्या मोजक्या जागांपैकी एक चांदवडपाशी आहे. कॉरिंथला जे स्थान दोन समुद्रांमधल्या पट्टीने दिले, ते चांदवडला दोन नद्यांच्या खोऱ्यांमधल्या खिंडीने दिले. येथेही माथ्यावर किल्ला आहे. शिवाय राजधेर, कोळधेर, इंद्राई हे त्याचे सोबती शेजारीच उभे आहेत.

ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे चांदवडच्या इतिहासातील तुटक वाटणारी प्रकरणे आपोआप जुळू लागतात. सेउणदेशाच्या यादव घराण्याचा मूळ पुरुष दृढप्रहार नवव्या शतकात चंद्रादित्यपुरी राज्य करीत होता, आणि हे चंद्रादित्यपूर म्हणजे आजचे चांदवड, असे अनेक इतिहासकार मानतात. देवगिरीचे वैभव पुढचे. त्या घराण्याचा आरंभ या खिंडीच्या आश्रयाने झाला. गावाजवळच्या डोंगरात जैन लेणी कोरलेली आहेत. शहाजहानच्या अमदानीत, 1635 च्या सुमारास, दक्षिणेत उतरणाऱ्या मोगल फौजांनी हे किल्ले घेतले. अठराव्या शतकात चांदवड होळकरांकडे होते. त्यांची टांकसाळ येथे होती, आणि तिचा चांदवडी रुपया दूरवर चालत असे. जेथून माल जातो, फौजा जातात आणि यात्रेकरू जातात, तेथेच नाणे पाडणे सोयीचे, हे सांगावयास अर्थशास्त्र नको.

इंग्रजांनाही या जागेचे मोल कळण्यास वेळ लागला नाही. यशवंतराव होळकरांशी युद्ध चालू असता 1804 मध्ये कर्नल वॉलेस याने चांदवड घेतले. पुढे ते होळकरांस परत मिळाले. 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूर येथे होळकरांचा पराभव झाला, आणि 1818 च्या जानेवारीत मंदसोरचा तह होऊन सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख त्यांना सोडून द्यावा लागला. चांदवड गेले ते या तहाने.

होळकरांच्या अमलाची जी खूण आज प्रवाशांस येथे खेचून आणते, ती अहिल्याबाईंचा रंगमहाल. त्यातील कोरीव लाकडी खांब आणि भिंतींवरची रंगीत चित्रे पाहण्यासारखी आहेत. परंतु या बाईंचे मन कळण्यास केवळ महाल पाहून भागणार नाही. 1767 पासून 1795 मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांनी राज्य केले ते महेश्वरी बसून. त्यांनी बांधलेल्या वास्तूंची ठिकाणे नकाशावर मांडली तर काशी, गया, सोमनाथ, वेरूळ अशी ती भरतखंडभर पसरलेली दिसतात, आणि त्यांतील पुष्कळशी त्यांच्या राज्याच्या बाहेर आहेत. मंदिरांबरोबरच घाट, विहिरी, धर्मशाळा व अन्नछत्रे यांवर त्यांनी द्रव्य खर्च केले. विहीर कोणासाठी? तहानलेल्या वाटसरूसाठी. धर्मशाळा कोणासाठी? ज्याचे त्या गावी कोणी नाही त्याच्यासाठी. आपल्या प्रजेचे हित पाहणारे राजे इतिहासात थोडे नाहीत. पण केवळ वाटेवर आहे एवढ्याच नात्याने परक्या माणसाची चिंता वाहणारे विरळा. चांदवडच्या डोंगरकुशीतील रेणुकेच्या देवळाचा जीर्णोद्धारही त्यांच्याच नावावर सांगितला जातो. ते देऊळ रस्त्याच्या अगदी लगत आहे, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

वाटेने जे दिले ते वाटेनेच काढून घेतले. 1865 मध्ये आगगाडीचा मार्ग थळघाट चढून वर आला. तो निफाड, लासलगाव करीत मनमाडास गेला आणि चांदवड बाजूला राहिले. मनमाड वाढले, चांदवडची पेठ मागे पडली. पुढे मोटारीचे युग आले. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी.ची पहिली गाडी धावली. त्या नगराला 2024 पासून अहिल्याबाईंचेच नाव मिळाले आहे. रेल्वेने ओस पाडलेल्या कितीतरी जुन्या रस्त्यांवर बसने पुन्हा माणसे आणली. आज चांदवडवरून ट्रकांची रांग अहोरात्र चालते. जवळच टोलनाका आहे. पूर्वीच्या जकातदारास तो फारसा परका वाटला नसता.

पण रुंद रस्त्याचा एक धोकाही आहे. घोड्यावरचा किंवा बैलगाडीतला प्रवासी गावी उतरे, पाणी पिई, रात्र काढी. गावाला त्याची आणि त्याला गावाची ओळख होई. आजच्या वेगात गाव म्हणजे हिरव्या पाटीवरील एक नाव होऊन बसते. कॉरिंथची जुनी वस्ती 1858 च्या भूकंपाने मोडली, आणि लोकांनी समुद्रकाठी नवे गाव वसविले. जुन्या नगराच्या खांबांभोवती आज मुख्यतः पाहुण्यांचीच वर्दळ असते. चांदवडचे तसे झालेले नाही. रंगमहालाभोवती अजून संसार चालू आहेत, नवरात्रात रेणुकेच्या पायऱ्यांवर गर्दी लोटते, कांद्याच्या गाड्या बाजारात येतात. येथील इतिहासाला शेजारपाजार आहे, आणि तो कोणत्याही संग्रहालयात विकत मिळत नाही.

म्हणून इंदूर-महेश्वराकडे सहल नेणाऱ्या मंडळींस एक सुचवावेसे वाटते. चांदवडला द्यावयाचा तासभर अवश्य द्यावा. मात्र आरंभ महालापासून करू नये. रेणुकेच्या पायऱ्यांवर उभे राहून आधी मागचा डोंगर, मग खालचा रस्ता पाहावा, आणि या वाटेने आपल्या आधी कोण कोण गेले हे मुलांना सांगावे. मग महालाची चित्रे पाहावी. चित्रांचे रंग काळाने जातील. ती कोणी, कोठे व का काढविली हे ज्याला कळले, त्याच्यापुरती तरी ती पुसली जाणार नाहीत.