चौकटीत न मावणारे धुळे

खानदेशचा अलीकडचा इतिहास म्हणजे मुख्यतः पाट्या बदलण्याचा इतिहास, असे माझे नम्र मत आहे. १९०६ साली इंग्रजांनी एका खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे केले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर पूर्वेचा जळगाव जिल्हा झाला, पश्चिमेचा धुळे. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळे निघाले. एवढ्या वाटण्या होऊनही धुळ्याचे डोके शाबूत होते. ते छाटले संगणकावरच्या फॉर्मने!

अतिशयोक्ती नाही हो. ‘जळगाव’ लिहून पाहा. वर मात्रा नाही, खाली उकार नाही. इस्त्री केल्यासारखा शब्द! आमच्या ‘धुळे’ला मात्र डोक्यावर मात्रा आणि पायात उकार. चौकट बेतलेली इंग्रजी अक्षरांच्या उंचीने. मग वरून मात्रा गेली, खालून उकार. जळगावचा भाचा, जो हे फॉर्म करतो, खुशाल म्हणाला, “मामा, तुमनं धुयं खोकामा मावत नही!”

दोष त्याचाही नव्हे. फॉर्म हल्ली कुणी हाताने लिहीतच नाही. नाव, गाव, जिल्हा अशी यादी यंत्राला द्यायची; ते पंगतीतल्या वाढप्यासारखे प्रत्येकापुढे एकेक चौकट टाकत जाते. समोर बसलेला कोण, हे वाढपी बघत नाही.

पूर्वी रंग, टाइप सगळे पानाच्या मजकुरातच कोंबत. म्हणजे सदरा कातडीलाच शिवलेला! ऑक्टोबर १९९४ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत काम करणाऱ्या होकॉन ली या नॉर्वेजियन गृहस्थाने सुचवले, की मजकूर वेगळा ठेवा आणि पोशाख वेगळा. डिसेंबर १९९६ मध्ये त्याचे पहिले प्रमाण ठरले. तेच सीएसएस.

भाच्याने यंत्राच्या फॉर्मला हात लावला नाही. लावला असता, तर पुढच्या खेपेला यंत्राने नवा फॉर्म काढताच सगळी दुरुस्ती पुसली गेली असती. यंत्र प्रत्येक चौकटीवर एकाच नावाचे लेबल चिकटवते. त्या नावाने त्याने पोशाखाच्या फाइलीत तीन ओळी लिहिल्या: ठरीव उंची काढली, ओळीची उंची वाढवली, वरखाली थोडी मोकळी जागा सोडली. चाळीस चौकटी एका दमात सुधारल्या!

एका मात्रेसाठी एवढा खटाटोप कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण निराधार पेन्शनचा अर्ज भरणाऱ्या बाईचे नाव ‘मंजुळा’ असते. उकाराची शेपटीच कापली गेली, तर तो ऱ्हस्व पडला की दीर्घ, हे तिला कळणार कसे? अर्जावर ‘मंजूळा’, आधारवर ‘मंजुळा’; आणि खिडकीतला माणूस म्हणणार, या दोन बायका वेगळ्या!

पोशाख म्हणजे नट्टापट्टा, असे आम्ही समजत होतो. इथे अंगभर कपडा मिळाल्यावर बाई स्वतःच्या नावाने ओळखू येऊ लागली.