आत वळलेले निपल आणि एक साधी सिरिंज

घणसोली गावात प्रॅक्टिस करताना एक प्रश्न मी अनेकदा ऐकतो. बाळंतपणाला चार दिवस झालेले असतात, आई रडवेली असते आणि सोबत आलेली सासू विचारते, "डॉक्टर, हिचे निपल आत आहेत, बाळाला पकडताच येत नाही. वरचं दूध चालू करू का?" उत्तर देण्याआधी थोडा इतिहास पाहू, कारण उपाय त्यातच आहे.

अडचण जुनी आहे. चरकसंहितेत दूध पाजणाऱ्या धात्रीची निवड सांगताना तिचे स्तनाग्र योग्य आकाराचे, बाळाला सहज ओढता येईल असे असावे, असे म्हटले आहे. पण ही झाली दुसरी बाई निवडण्याची सोय. आईला स्वतःला मदत कशी करायची, हा प्रश्न उरलाच.

१९५३ मध्ये डॉ. हॉफमन यांनी एक व्यायाम सुचवला: दोन्ही अंगठे निपलच्या मुळाशी ठेवून बाजूला ताणायचे. गरोदरपणात हा व्यायाम आणि ब्रेसियरच्या आत घालायच्या वाट्या हा सल्ला अनेक वर्षे दिला गेला. मग त्याची तपासणी झाली. १९९२ मध्ये ९६ आणि १९९४ मध्ये ४६३ गरोदर स्त्रियांवरील अभ्यास प्रसिद्ध झाले. दोन्ही उपायांचा फायदा दिसला नाही. म्हणून गरोदरपणात निपल ओढत बसू नका. खरी मदत लागते ती बाळ झाल्यावर.

तेव्हाची एक मोलाची युक्ती आपल्या शेजारच्या कर्नाटकातून आली. दावणगेरेच्या डॉ. निर्मला केसरी आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये साध्या डिस्पोजेबल सिरिंजची पद्धत प्रसिद्ध केली. सिरिंजचे सुईकडचे टोक कापायचे, दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने घालायचा आणि गुळगुळीत बाजू निपलवर ठेवून दट्ट्या हलकेच मागे ओढायचा. पाजण्याआधी अर्धा ते एक मिनिट पुरते. दुखू लागले की थांबायचे. पहिल्यांदा सिस्टरकडून शिकूनच करा. सिरिंज नवी आणि एकाच आईसाठी असावी.

त्याच काळात महाराष्ट्रातही वारे बदलत होते. १९८९ मध्ये सायन हॉस्पिटलात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्ध पेढी सुरू केली. ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्यात स्तनपानाच्या प्रसारासाठी बीपीएनआय ही संस्था स्थापन झाली. १९९२ च्या कायद्याने दुधाच्या बाटल्या आणि बाळाच्या पावडरच्या जाहिरातींवर बंदी आणली.

पण कायदा बाळंतिणीजवळ बसत नाही, सिस्टर बसते. बाळाला लवकर आईच्या उघड्या छातीवर ठेवणे, निपलभोवतीचा काळा भाग तोंडात भरपूर जाईल असे धरायला शिकवणे आणि जमेपर्यंत काढलेले दूध वाटी-चमच्याने पाजणे, ही तिची कामे. बाळ नुसते निपल चोखत नाही, तो काळा भाग धरून दूध ओढते. म्हणूनच आत वळलेले निपल असूनही बऱ्याच आया अंगावर पाजू शकतात.

सासूबाईंना माझे उत्तर म्हणून असे असते: बाटली आणण्याआधी पाजायला शिकवणारी सिस्टर गाठा. मात्र बाळ सुस्त असेल, लघवी कमी होत असेल किंवा वजन घटत असेल तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि पूर्वी बाहेर असलेले निपल नव्याने आत गेले, तर तपासणी टाळू नका.