यकृत आणि माळेतली गोळी

विषय जरा आडवळणाचा आहे, पण घरातल्या बायकांनी तरी शेवटपर्यंत वाचा. गर्भनिरोधक गोळीचा इतिहास म्हणजे खरं तर आपल्या यकृताशी चाललेल्या झटापटीचा इतिहास!

र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा गोळी नव्हतीच. त्यांची साधनं दारातच अडवणारी. पुढे इस्ट्रोजेन हे स्त्रीचं संप्रेरक हाती लागलं, तरी ते नुसतं गिळून फारसा उपयोग नव्हता. आतड्यातून येणारं रक्त आधी यकृतात जातं, आणि यकृत ते संप्रेरक तिथेच मोडून टाकतं.

१९३८ साली बर्लिनच्या शेरिंग कंपनीत इनहॉफेन आणि होलवेग यांनी त्या रेणूच्या सतराव्या कार्बनला दोन कार्बनांचं शेपूट जोडलं. झालं एथिनिल इस्ट्राडिओल. यकृताला ते चटकन मोडता येईना. तसंच शेपूट असलेलं, पण दुसऱ्या संप्रेरकाच्या जातीचं नॉरएथिस्टेरॉन १९५१ साली मेक्सिको सिटीत सिंटेक्स कंपनीत तयार झालं. ते करणारे हात लुईस मिरामोंतेस या तरुण रसायनतज्ज्ञाचे. त्यानंतर दोनच वर्षांनी कर्वे गेले. अमेरिकेत गोळीला परवानगी मिळाली १९६० साली.

पण यकृत हरलं नाही, नुसतं मंदावलं. त्यातलं सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम या रेणूंना हळूहळू ऑक्सिजन चिकटवतं. मग सल्फेट किंवा ग्लुकुरोनाइड जोडून त्यांना पाण्यात विरघळेल असं केलं जातं, आणि पित्तावाटे, लघवीवाटे सगळं बाहेर. म्हणून गोळी रोज घ्यायची. आपल्या माला-एनमध्ये एथिनिल इस्ट्राडिओल असतं अवघं ०.०३ मिलिग्रॅम, सोबत ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल. हिशेब इतका काटेकोर!

आणि हा हिशेब बिघडवणारं एक औषध आहे, रिफाम्पिसिन. क्षयरोगावरचं, लघवी लालसर करणारं. १९७१ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी नोंदवलं, की हे औषध आणि गोळी एकत्र घेणाऱ्या बायकांची पाळी बिघडते आहे. पाठोपाठ दिवस गेल्याच्याही नोंदी आल्या. रिफाम्पिसिनमुळे यकृत तेच एन्झाइम कितीतरी जास्त बनवू लागतं. गोळी वेळेवर घेतली, एकही चुकवली नाही, तरी रक्तात पुरेशी उरत नाही.

हे सगळं आत्ता आठवायचं कारण आमचं नाकाडोंगरी. तुमसर तालुक्यातलं गाव, शेजारी डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण. गेल्या महिन्यात तिथल्या मावसबहिणीचा फोन आला. (तिला विचारूनच लिहितेय.) टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स चालू, आणि डब्यात माला-एनची माळ. दोन्ही गोळ्या फुकट, दोन्ही सरकारी, दोन्ही ती इमानेइतबारे घेते. म्हणाली, "ताई, दोन्ही चांगल्याच गोळ्या ना, मग एकमेकींशी भांडतील कशाला?" लहान लेकरू दीड वर्षाचं, अंगात रक्त नाही. अशात दिवस राहिले असते तर? मी तिला लगेच डॉक्टरांना दोन्ही पाकिटं दाखवायला सांगितलं.

तेवढ्यासाठीच हा खटाटोप. रिफाम्पिसिन चालू असताना, आणि बंद झाल्यावरही चार आठवडे, नुसत्या गोळीवर विसंबू नये. टीबीचं औषध मात्र कुठल्याही परिस्थितीत सोडू नये. तांबी चालते, तिचा यकृताशी संबंधच नाही. निरोध चालतो. तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शनही चालतं. कोणाला काय मानवेल ते डॉक्टर सांगतील.

गंमत बघा, एवढं रसायनशास्त्र झाल्यावर या सहा महिन्यांपुरती कामाला येतात ती कर्व्यांच्या काळातलीच, दारात अडवणारी साधनं. यकृताला त्यांचा पत्ताच लागत नाही :)

असो. गावाकडे कोणाला टीबीचं औषध चालू असेल तर हे नक्की कळवा. फोन करूनच सांगा, तिकडे ब्लॉग कोण वाचतंय!